नागलीचं देणं

माझी मुलगी नागलीवर, म्हणजे नाचणीवर, वाढली. तिच्या तोंडात गेलेला पहिला घास माझ्या घरचा नव्हता आणि माझ्या पगारातलाही नव्हता. अकोले तालुक्याच्या पार पश्चिमेला, भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडच्या एका महादेव कोळी घरातल्या कणगीतून तो आला होता. तेव्हापासूनचं हे देणं आहे. ते फिटावं अशी माझी इच्छाही नाही. पण ते कुणाचं आहे, कशाचं आहे, हे एकदा नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी तिकडे नेमणूक झाली. माझं माहेर सांगोल्याकडचं. तो सगळा ज्वारीचा मुलूख, आणि आभाळाकडे डोळे लावून बसण्यात आमच्या माणसांचं निम्मं आयुष्य जायचं. नेमणूक मिळाली ती कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या कुशीत. घाटघरच्या त्या पट्ट्यात काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस पडतो. जूनमध्ये झड लागली की दिवसचे दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. नवऱ्याची नोकरी सोलापुरात, कडेवर सहा महिन्यांची पोर, आणि गावात भाड्याची खोली हा प्रकारच नाही. एका म्हातारीनं आपल्या घराची पडवी कुडानं बंद करून मला दिली. भाड्याचं विचारलं तर म्हणाली, "शाळंत तू बाई. घरात लेक. लेकीकडून भाडं घेत्यात व्हय?"

गावातली मोठी माणसं मला 'बाई, तुम्ही' म्हणत. ही एकटी 'तू' म्हणायची. मी तिला आजी म्हणत असे.

पावसाच्या पहिल्याच महिन्यात मला अंगावरचं दूध पुरेनासं झालं. दुधाच्या पावडरीचा डबा आणायचा तर राजूर गाठायचं, आणि रस्ता कधी बंद तर कधी गाडी बंद. आजीनं काही विचारलं नाही. एका संध्याकाळी तिनं सुपात नागली घेतली, पाखडली, निवडली आणि तीन पाण्यांत धुऊन भिजत घातली. सकाळी उपसून जुन्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट बांधली आणि ते गाठोडं चुलीच्या मागच्या कोनाड्यात ठेवलं. बाहेर सगळं ओलंचिंब असताना घरात ऊब होती ती तेवढ्याच जागी. दोनेक दिवसांनी फडकं सोडलं तर मोहरीएवढ्या प्रत्येक तांबड्या दाण्याला पांढरा धागा फुटलेला. ऊन नव्हतंच, म्हणून तिनं ते मोड चुलीवरच्या माळ्याला सूप टांगून धुरकट उबेत वाळवले. मग जात्यावर दळले आणि पीठ मऊ लुगड्यातून वस्त्रगाळ केलं. वर राहिलेला कोंडा कोंबड्यांना गेला. खाली उरलं ते सत्त्व. ते गार पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवलं आणि लाकडी पळीनं सारखं ढवळत राहिली. राखाडी पाण्याला हळूहळू तांबूस चकाकी आली. चिमूटभर गूळ घातला, बोटानं चाखून पाहिलं आणि त्याच बोटानं माझ्या पोरीला चाटवलं. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं, मग बोट सोडेना.

पुढे मी याबद्दल वाचलं. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गहू-तांदूळ त्याच्या जवळपासही येत नाहीत. मोड आणल्यानं पिष्ट पदार्थ फुटतात, पेज पातळ आणि पचायला हलकी होते. दाण्यातलं लोह-कॅल्शियम शोषू न देणारे घटक कमी होतात. आहारशास्त्राची पुस्तकं ज्याला बाळाचा उत्तम पूरक आहार म्हणतात, तो शाळेचं तोंड न पाहिलेल्या एका बाईनं धुराच्या उबेवर करून दाखवला होता. आजीला कॅल्शियम माहीत नव्हतं. मोड किती लांब झाला की थांबायचं, हे मात्र तिला डोळे झाकून माहीत होतं. दोन्हीपैकी कोणतं ज्ञान मोठं, असं मला कुणी विचारलं तर मी आजीचं म्हणेन, कारण माझ्या लेकीच्या कामी ते आलं.

मला भाकरी येत होती, तीही ज्वारीची, हातावर थापून टम्म फुगणारी. नागलीचं पीठ वेगळं. ज्वारीसारखं ते नुसत्या पाण्यावर मळून वळत नाही, कडा फाटतात. आधणाच्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची, गरम असतानाच हाताला पाणी लावून मळायची, आणि कडेनं दाबत दाबत थापायची. तव्यावर ती काळपट लाल होते आणि खरपूस वास सुटतो. त्यासोबत उडदाचं घुटं. काळे उडीद सालासकट शिजवून घोटायचे, त्यात लसूण, मिरची, मीठ. किंवा खुरासणीची चटणी. दसऱ्याच्या आगेमागे तिथले उतार पिवळ्या फुलांनी भरून जातात ती ही खुरासणी. तिचं तेल घाण्यावर काढतात आणि बी भाजून लाल मिरचीबरोबर कुटतात. या जेवणावर डोंगर चढणारी, गुडघाभर चिखलात दिवसभर आवणी, म्हणजे भाताची लावणी, करणारी माणसं मी पाहिली. दुपारी चारपर्यंत भूक लागत नसे. आजी म्हणायची, "नागली पोटाला धरून ऱ्हाती."

पण ही नागली येते कशी, हेही सांगायला हवं. भाताची खाचरं सगळ्यांकडे नसतात. नागली आणि वरई डोंगरउतारावर, जिथे औत चालत नाही अशा जागी होतात. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, गवत पसरून राब भाजायचा, पाऊस पडला की त्या राखेत बी फेकायचं, रोप वीतभर झालं की उपटून उतारावर एकेक लावायचं, आणि कार्तिकात कणसं खुडून पाठीवरून घरी आणायची. एवढ्या कष्टांनंतर एका घराच्या वाट्याला येते ती एक कणगी. तिला कीड लागत नाही, नागली वर्षानुवर्षं टिकते. म्हणूनच डोंगरातल्या माणसानं भातापेक्षा तिच्यावर भरवसा ठेवला.

आता देण्याचा खरा मुद्दा. आषाढापासून भाद्रपदापर्यंतचे महिने तिथे सगळ्यात अवघड. कामं सगळ्यात जड, आणि नेमकं तेव्हाच मागच्या सालचं धान्य तळाला जातं. याच दिवसांसाठी सरकारनं 1978 साली खावटी कर्ज योजना सुरू केली. पावसाळ्यात आदिवासी कुटुंबानं सावकाराच्या दारात जाऊ नये, हा तिचा हेतू होता. सावकाराचं ओझं या मुलखाला जुनं आहे. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठले आणि 1848 साली ठाण्यात फासावर गेले. त्या बंडात पोटाचा प्रश्न किती मोठा होता, हे मला पुस्तकातून कळलं नसतं. ते आजीच्या कणगीत वाकून पाहिल्यावर कळलं. श्रावणात पीठ काढताना तिचा हात खांद्यापर्यंत आत जायचा आणि तळाचा बांबू खरवडल्याचा आवाज यायचा. त्या दिवसांत घरची मोठी माणसं एका वेळेला नुसतं माडगं पिऊन राहत. माझ्या पोरीचं सत्त्व मात्र एकदाही चुकलं नाही. मी राजूरहून गहू, तांदूळ, डाळ आणून चुलीपाशी ठेवू लागले. तिनं ते घेतलं, सगळ्यांना वाढलं, पण पोरीच्या वाट्याची नागली त्यात धरली नाही. "त्ये मपलं हाये," एवढंच म्हणाली.

या भुकेच्या दिवसांत घर तरतं ते रानावर. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात कुर्डू, मग कवळी, टाकळा, भारंगी, करटुली, पुढे श्रावणात चाईचा मोहर. आजीबरोबर मी रविवारी रानात जायची. तिचं खुडणं बघण्यासारखं होतं. कुर्डूची फक्त वरची चार पानं, तीही दर दोन-तीन झाडं सोडून एकाची. भारंगीचा कोवळा पाला, पण सगळ्या फांद्या ओरबाडायच्या नाहीत. "मुळाशी हात घालू नको, शेंडा खूड. उद्या दुसरीला लागंल." चाईचा मोहर वेलीवरून ओढताना काही तुरे ती मुद्दाम ठेवायची. भारंगी कडू असते, तिला उकळून पाणी टाकावं लागतं. टाकळा जून झाला की खायचा नाही. करटुली भरपूर दिसली तरी वेलीखालचा कंद उकरायचा नाही. अशा नियमांचं ते एक पूर्ण शास्त्र होतं. शेजारच्या ठाकरवाडीत तर पावसाळ्यातली पहिली कवळी देवापुढे ठेवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नसे. तोवर कोवळी रोपं जरा तगतात, बी धरायला वाचतात. मला त्या रिवाजाविषयी फार आदर वाटतो.

ठाकरवाडीचे एक बाबा शाळेत नातवाला सोडायला यायचे. कमरेला कोयता, हातात काठी, फार कमी बोलायचे. एका हिवाळ्यात त्यांनी मला कडू कंद कसे खाण्याजोगे करतात ते दाखवलं. हा कंद तसाच खाल्ला तर घसा धरतो, पोट बिघडतं, माणूस आजारी पडतो. वेल पिवळी पडली की तो खणायचा. बाबांनी साल काढून त्याच्या पातळ चकत्या केल्या, इतक्या पातळ की पलीकडचा उजेड दिसावा. मग त्या चुलीतल्या राखेबरोबर पाण्यात उकळल्या. पाणी पिवळं झालं, ओतून दिलं. चकत्या बांबूच्या पाटीत भरल्या, वर दगड ठेवला आणि पाटी ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर सोडली. सकाळी एक चकती जिभेच्या टोकावर ठेवून ते बराच वेळ गप्प उभे राहिले. मग मानेनं 'नाही' म्हणाले आणि पाटी परत पाण्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखली, आणि तेव्हा कुठे मला दिली. मीठ लावून खाल्ली. चवीला बेतास बात, पण पोटाला आधार देणारी.

मी विचारलं, हे शोधलं कुणी? बाबा म्हणाले, "भुकेनं." आणि बाहत्तर सालाचं सांगू लागले. 1972चा दुष्काळ माझ्याही घरातला. माझी आई आमच्याकडे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, सुकडी आणायची, रेशनचा तांबडा मिलो आणायची. आमच्या माळरानावर सरकारी कामाशिवाय दुसरा आधार नव्हता. बाबांच्या वाडीला त्या साली कंदांनी, उंबरांनी आणि जुन्या नागलीनं जगवलं. विषारी मुळाला अन्न करायचं ज्ञान ज्यांच्याजवळ आहे, त्यांना मागासलेलं म्हणताना आपली जीभ अडखळली पाहिजे.

ती अडखळत नाही, हेही मी पाहिलं. एकदा शाळेच्या तपासणीला एक अधिकारी आले होते. मुलांच्या फडक्यांतल्या काळ्या भाकरी पाहून सगळ्यांसमोर म्हणाले, "हे असलं खातात, मग कुपोषण होणार नाही तर काय?" मुलं खाली मान घालून बसली. मी तेव्हा उलट बोलले आणि आजही तेच बोलेन. ती मुलं हडकुळी होती ती अन्न कमी पडत होतं म्हणून. जे होतं ते उत्तम होतं. पण असं बोलणं मुलांच्या मनात घर करतं. पुढच्या काही महिन्यांत दोन-तीन मुलं भाकरी दप्तरात लपवून, भिंतीकडे तोंड करून खाऊ लागली.

त्या काळात शाळेत हजर राहणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत असे, 1995च्या योजनेखाली. पुढे शिजवलेली खिचडी आली. त्या तांदळानं फार मोठं काम केलं. पोरं शाळेत आली, टिकली, श्रावणात घरची चूल पेटती राहिली. त्या योजनेबद्दल मला कृतज्ञताच आहे. फक्त एक गोष्ट मला कायम सलली. ज्या उतारावर शाळा उभी होती तिथे पिकणारं धान्य शाळेच्या पातेल्यात कधी आलं नाही. तांदूळ दूरवरून ट्रकनं यायचा आणि शेजारच्या घरातली नागली व्यापारी मिळेल त्या भावानं घेऊन जायचा. मुलं यातून काय शिकली? बाहेरून येतं ते अन्न, आणि घरचं ते लपवायचं.

म्हणून मी माझ्यापुरतं एक केलं. दर शनिवारी मी मुलांबरोबर बसून नागलीची भाकरी खात असे, आणि प्रत्येकानं आपल्या घरच्या एका रानभाजीची माहिती वर्गाला सांगायची: कुठे मिळते, कधी खुडायची, कशी शिजवायची, काय टाळायचं. ज्या पोराला बाराखडी येत नव्हती ते फळ्यासमोर उभं राहून चाईची वेल कशी ओळखायची ते न अडखळता सांगायचं. माझ्या सगळ्या नोकरीत मी घेतलेले उत्तम तास ते होते, आणि ते मी घेतलेले नव्हते.

वाघबारशीचंही सांगते. आपण जिला वसुबारस म्हणतो त्या दिवशी तिथे वाघोबाची पूजा होते. गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ, दूध, गूळ गोळा करतात आणि रानात वाघोबाच्या ठाण्यापाशी खीर शिजवतात. गुरांना सांभाळ, असं वाघालाच सांगायचं. माझी मुलगी चालू लागली त्या वर्षी पोरांनी तिला खांद्यावरून नेलं, पानावर खीर वाढली. जातीचा, गावाचा, नात्याचा कसलाही प्रश्न कुणी विचारला नाही.

काही वर्षांनी माझी बदली झाली. निघताना आजीनं पायलीभर नागली, खुरासणीचं तेल आणि एक वाळका भोपळा दिला. त्या भोपळ्यात राखेत घोळलेलं बी होतं: घेवडा, वाल, दोडका, काकडी. तिच्या घरात असे भोपळे आढ्याला टांगलेले असत. त्या डोंगरात घराघरांतल्या बायकांनी बी असंच जपलं. त्यांपैकी एकीचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे. अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. त्याही महादेव कोळी, शाळेत न गेलेल्या. बायफ संस्थेच्या मदतीनं त्यांनी गावरान वाणांची बँक उभी केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ती बातमी वाचली तेव्हा आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी वर्तमानपत्र हातात धरून खूप रडले. तो मान मला आजीचाही वाटला.

आता दिवस बदललेत. 2023 हे तृणधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात नाचणीची बिस्किटं महाग विकली जातात, ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी खातं रानभाज्यांचे महोत्सव भरवतं. हे सगळं चांगलंच आहे. पण या कौतुकातला पैसा उतारावर पोचतो किती, हे पाहायला हवं. आजीच्या सुनेकडे नागलीचं क्षेत्र कमी झालंय. माणसं आवणीनंतर नारायणगावकडे, नाशिककडे मजुरीला जातात आणि कणसं खुडायला घरात हात उरत नाहीत. ज्या घासाला आपण आरोग्यदायी म्हणतो तो पिकवणाऱ्याला परवडत नसेल, तर आपलं कौतुक पोकळ आहे.

माझ्या घरची वर्षाची नागली आजही त्याच घरातून येते. सून सांगेल तो भाव मी देते. माझ्या नातीला तिच्या आईनं पहिलं भरवलं ते सत्त्व त्याच नागलीचं होतं, आणि या वेळी मोड मी आणले.

वाचकांना एक विनंती. पावसाच्या तोंडावर काजवे बघायला किंवा श्रावणात धबधबे बघायला तुम्ही भंडारदऱ्याकडे, कळसूबाईकडे जात असाल, तर स्थानिक आदिवासी घरात उतरा. नागलीची भाकरी आणि मोसमातली रानभाजी हवी असं आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, कारण पहाटे कुणीतरी ती रानात जाऊन खुडणार असतं. स्वतः रानात शिरून काही उपटू नका. परतताना दोन-चार किलो नागली विकत घ्या आणि भावात घासाघीस करू नका. तुम्ही नेता तेवढी ती त्यांच्या कणगीतून कमी होते.